नव्या फोनची पारख

नव्या फोनची वाखाणणी केली की तो आपल्याच खिशात येणार, असा वसेकरांचा सरळ हिशोब होता. गावोगाव पंप विकत हिंडणाऱ्या वसेकरांना साहेबांनी जुना आणि नवा, दोन्ही फोन आठवडाभर वापरून बघायला दिले होते. नव्याची बॅटरी चार वाजताच मान टाकायची, आणि तेलकट बोट तर तो ओळखेचना. तरी चडफडत त्यांनी लिहून दिलं, "नवाच घ्या. नकाशा अगदी अचूक!"

"खरंय," कॉम्प्युटरवर तोच नकाशा उघडत साहेब म्हणाले. "रोज दुपारी दोन तास तुम्ही स्वतःच्याच घरात दिसताय. वामकुक्षी का?"

"साहेब, नीट विचार केला तर जुनाच बरा वाटतो."

पुढच्या महिन्यात सगळ्या विक्रेत्यांना नवे फोन मिळाले. पैसे कंपनीने भरले. दुपारची झोप साऱ्यांनीच गमावली, आणि वसेकरांशी त्यानंतर कोणी धड बोललं नाही.