कनातीबाहेर

कनातीच्या तोंडाला बांधलेली दोरी कमलबाईने धरून ठेवली होती. आत बारा माणसं बसली होती आणि बाहेर दीडशे.

पाचचा कार्यक्रम, सव्वापाच होऊन गेले होते. आतल्या सतरंज्या रिकाम्याच होत्या. हायस्कुलातले दोन मास्तर, त्यांची बायकामुलं आणि कापसाच्या जिनिंगचा मुकादम, एवढेच तिकीट काढून आले होते. मंचामागच्या पडद्याआड तिचा नवरा पंडित पेटीचा सूर लावत होता. त्याला यातलं काही दिसत नव्हतं.

वीस वर्षं तो गात आला होता. बाबासाहेबांची, बुद्धाची, बायाबापड्यांच्या कष्टाची गाणी. सगळी स्वतः रचलेली. शिरपूरपासून धरणगावापर्यंत कुठल्याही वस्तीतून बोलावणं आलं, की पेटी उचलून एसटी धरायचा. परत यायचा तो गळ्यात हार घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जिनिंगात, कापसाच्या धुरळ्यात. तो धुरळा हळूहळू छातीत बसला. धुळ्याच्या डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, "गाणं नाहीतर जिनिंग. दोन्हींतलं एक सोडा."

"मग जिनिंग सोडा," कमलबाई म्हणाली होती. "तिकीट लावून गा. गळा तुमचा, शब्द तुमचे. फुकट का म्हणून?"

"आपल्या लोकांनी तिकिटाला पैसे कुठून आणायचे? गरीब आहेत ते."

"सिनेमाला आणतात ना?"

तिसऱ्या दिवशी पंडित म्हणाला, "ठीक. एकदा लावून बघू. मैदान भरलं तर जिनिंग सोडतो. नाही भरलं तर पेटी विकतो. पुन्हा गाण्याचं नाव काढणार नाही."

हे तो रागाने बोलला नव्हता. म्हणूनच कमलबाई घाबरली होती.

आणि आता ती दोरी धरून उभी होती. बाहेरच्या लोकांनी भांडण केलं असतं, तर तिने चार शब्द सुनावले असते. ते भांडत नव्हते. त्यांनी कनातीला लागूनच जमिनीवर बसकण मारली होती. बायांच्या केसांत अजून कापूस होता, कामावरून तशाच आल्या होत्या. समोर नुसतं कापड होतं, तरी सगळ्यांची तोंडं मंचाच्या दिशेला होती.

पुढेच शेवंताबाई बसली होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी. पंडितचं पहिलं गाणं तिच्याच ओट्यावर झालं होतं. कमलबाई तिच्याजवळ जाऊन वाकली.

"अक्का, तुम्ही चला भीतर. तुम्हले कोन मांगस तिकीट?"

"मी एकलीच कशी येऊ, माय? आठे ऐकू येस." म्हातारीने कनातीवरून हात फिरवला. तिच्या आवाजात कसलाच राग नव्हता. "आम्हले बाहेर बसानी सवय शे. देऊळना बाहेर बसनूत, इहीरना बाहेर बसनूत. आते पंडितना गाणाना बाहेर."

कमलबाई तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली, कनातीच्या तोंडाशी गेली आणि तिने दोरी सोडली.

"चला," ती म्हणाली. "सगळे चला. आवाज न करता बसा."

लोक आत शिरले. एका मास्तराने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने त्यांचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. मास्तर ओशाळला, पण घेतले. मुकादमानेही घेतले.

पडदा बाजूला झाला. पंडित पुढे आला आणि थबकला. सतरंज्या भरल्या होत्या, लोक कडेने उभे होते. ढोलकीवरच्या चुडामणकडे पाहून तो हसला. कमलबाईने त्याला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तो जसा गायला, तसा कधी गायला नव्हता. मध्ये दोनदा खोकला आला, दोनदा तो पाणी प्यायला आणि पुन्हा वरच्या सुरात गेला. बाया डोळे पुसत होत्या. शेवंताबाई मांडीवर ताल धरत होती. कमलबाई कनातीच्या तोंडाशी सुटी दोरी हातात घेऊन उभी होती, आणि तिच्या कनवटीला तिकिटाचा एक पैसाही उरला नव्हता.

शेवटचं गाणं संपलं. पंडितने हात जोडले.

"तुम्ही आज मला तारलं," तो म्हणाला. "उद्यापासून मी जिनिंगात जाणार नाही. यापुढे गाणं हेच माझं काम."

टाळ्या पडल्या. मुकादम जागेवरून उठला. "जा बाबा, सुखाने जा. तुझ्या जागेला सकाळी माणूस लावतो. फाटकाशी चाळीस जण उभे असतात रोज."

कमलबाईने तोंड उघडलं. पण पंडित मंचावरून उतरून थेट तिच्याकडेच येत होता. त्याचा गळा बसला होता, डोळे ओले होते. मैदानातून बाहेर पडणाऱ्या लोकांकडे तो बघत राहिला. कुणी त्याच्या पाया पडत होतं, कुणी नुसतं हाताला हात लावून जात होतं. शेवंताबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"पाहिलंस?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तूच बरोबर होतीस, कमल. वीस वर्षं मी या लोकांना उगाच गरीब समजत आलो."