ओढ्याचं तीर्थ

मोरिवलीच्या ओढ्यात कारखान्याचं सांडपाणी आलं आणि ते पिऊन विठाच्या दोन म्हशी मेल्या. अंबरनाथचे भयकथाकार दिनानाथ यांनी चिडून तेच लिहिलं. सत्त्याऐंशीच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "अहो, सांडपाण्याला कोण घाबरतंय? ओढ्यात हडळ टाका."

त्यांनी टाकली. कथा गाजली.

पुढच्या उन्हाळ्यात गाव कारखान्यावर जाब विचारायला गेलं, तर मॅनेजरने तो अंकच पुढे केला. "ओढ्याला हडळीची बाधा आहे, छापून आलंय. शांतीसाठी देऊळ बांधून देतो." गाव हात जोडून परतलं.

देवळाची पूजा झाली त्या दिवशी विठा ओढ्यावरून तांब्या भरून थेट दिनानाथांच्या दारात आली.


"तुमच्या हडळीचं तीर्थ हाय, भाऊ. प्या माझ्या म्होरं."