अकरा एकांची संख्या

"सापडला," शामला म्हणाली आणि तिनं पाटी सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली.

बाबारावांचा घास हातातच राहिला. पाटीवर अकरा एक ओळीनं मांडले होते. भाजक एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. बाकी शून्य.

मानमोडीच्या तापाच्या साथीत शामलाचा नवरा गेला, पाठोपाठ तान्ही मुलगी गेली. त्यानंतर ती दोनदा शुक्रवारी नावाच्या तलावात उतरली. दुसऱ्यांदा बाबारावांनीच तिला ओढून बाहेर काढलं. ओल्या लुगड्यानं काठावर बसून ती म्हणाली, "किती दिवस राखण करसान, मामाजी?"

जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या त्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी चिखलात बोटानं अकरा एक काढले.

"याले कशानं भाग जाते, तेवढं शोधून दे. मंग कुठंबी जाय. मी अडवणार नाही. पोराची आण."

तरुणपणी त्यांनी स्वतः या संख्येपुढे हात टेकले होते. तिला कशानंच भाग जात नाही, अशी त्यांची खात्री होती. शोध संपणार नाही आणि सून जगेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

शामला मरायची घाई झालेल्या माणसाच्या हट्टानं बसली. सात, अकरा, तेरा, सतरा. कोणते आकडे वगळायचे ते त्यांनीच शिकवलं. उरलेल्यांतला एकही आकडा तिनं सोडला नाही. हिवाळा गेला, उन्हं तापली, पाटी पुसून पुसून तिची बोटं पांढरी पडली.

आणि आज बाकी शून्य आली.

बाबारावांनी उष्ट्या हातानंच गुणाकार करून पाहिला. पुन्हा पाहिला. बरोबर होता.

"शब्द पाळा, मामाजी." शामलानं डोक्यावरून पदर घेतला आणि ती दाराकडे वळली.

"थांब वं!" त्यांचा आवाज फाटला. "भागाकार आला तो... पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. त्याले कशानं भाग जाते?"

बोलता बोलताच त्यांना कळलं, प्रश्न फोल आहे. तो आकडा फुटणारा असता, तर एखाद्या लहान आकड्यानंच फुटला असता, आणि त्याच लहान आकड्यानं अकरा एकांनाही भाग गेला असता. तसले सगळे आकडे शामलानं कधीच तपासून टाकले होते. आता शोधायला काही उरलं नव्हतं.

शामला उंबरठ्यात थांबली. हे तिलाही तितकंच ठाऊक होतं.

तिनं मागे वळून पाहिलं. पोराला अग्नी देतानाही न रडलेले बाबाराव ताटावर वाकून रडत होते.

मग ती आत आली. त्यांच्या ताटात तिनं गरम भात वाढला.

"तुमी जेवून घ्या, मामाजी," ती म्हणाली. "ते उद्या पाहू."