थांबवलेला शेक

हेमराज दारातून हलला नाही. "आबांना धुळ्याला न्यायचं नाही. तुझी ती रेघ घेऊन परत जा," तो म्हणाला.

त्याची धाकटी बहीण कामिनी जळगावहून सकाळच्या एसटीने शिरपूरला आली होती. शरीरातली गाठ कशी वाढते आणि रेडिएशनने किती आटते, याचं गणित मांडणं हेच तिचं संशोधन. वडिलांच्या, चुडामण आबांच्या, घशात गाठ निघाली तेव्हा त्यांच्या तपासण्यांचे आकडेही तिने त्याच गणितात घातले होते. आणि हेमराजने तिला न कळवता धुळ्याच्या दवाखान्यातला रेडिएशनचा शेक मध्येच बंद केला होता.

शेक थांबला की उरलेल्या पेशी आधीपेक्षा जोराने वाढतात, हे तिने ओसरीवर उभ्या उभ्या सांगितलं. मोबाइलवर आलेखातली गाठीची रेघ दाखवली. त्याने तिकडे पाहिलंही नाही. मग तिचा तोल गेला. तू बापाला मारतोयस, म्हणाली. शेजारपाजारची माणसं बाहेर आली. हेमराजने मान खाली घातली, पण दार सोडलं नाही.

"पूर्ण शेक दिला तर ही रेघ शून्यावर येते का?" शेवटी त्याने विचारलं.

कामिनीने मोबाइल खाली घेतला. येत नव्हती. रेघ खाली जायची, वर्षभर रेंगाळायची आणि पुन्हा वर चढायची. डॉक्टरही याहून वेगळं काही बोलले नव्हते. पण ते वर्ष कामिनीला हवं होतं. भावाला ढकलून ती आत गेली.

आबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. शेकाने गळ्याची कातडी काळी पडली होती, तोंडभर फोड होते. घोटभर पाणीही जात नव्हतं. बाहेरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. ती जवळ बसली तसं त्यांनी तिचं मनगट धरलं.

"हेमराजले बोलू नको. मीच सांगेल व्हतं त्याले, बस झाया आते शेक."

"मग मला का नाही सांगितलं, आबा?"



"तू रडती, अन् मी परत शेक घ्याले जातू."

धुळ्याची गाडी अजून मिळाली असती. आबा तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

कामिनी रडली नाही.