व्याह्यांनी पाहिलेली गाडी

“बॉनेट उघडा,” ईश्वर म्हणाला, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

गाडी मोठी होती. परदेशी कंपनीची, सात माणसांची, सहा वर्षं वापरलेली. सात रस्ता चौकाजवळ जुन्या गाड्या विकणाऱ्या निंगप्पाच्या आवारात ती धुऊनपुसून उभी होती. ईश्वरच्या सुनेला, कीर्तीला, सातवा महिना होता आणि जुळं होतं. थोरली बुद्धप्रिया पाच वर्षांची. छोट्या गाडीत आता हे घर मावणार नव्हतं. म्हणून मुलगा रत्नदीप जुनी पण दणकट गाडी शोधत होता.

ही गाडी तो दोनदा बघून गेला होता. दोन्ही वेळा सोबत नेलं ते सासऱ्यांना. दिपकराव वळसंगचे, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात स्कूटरशिवाय काही चालवलं नव्हतं. ईश्वरने एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं इंजिनं खोलली होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते डोळे मिटून सांगायचं. डेपोत म्हणायचे, ईश्वरपुढे इंजिन खोटं बोलत नाही. त्या ईश्वरला घरी बसवून मुलगा पोस्टमास्तरला गाडी दाखवत होता.

आज तो न विचारताच घरच्या छोट्या गाडीत येऊन बसला. पुढच्या सीटवर दिपकराव आधीच बसले होते. ईश्वर मागे, नातीशेजारी. पुढे दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. ते त्याला कळू द्यायचं नव्हतं, हे उघड होतं.

दीड वर्षापूर्वी त्याची बायको शालन गेली आणि घर कुजबुजायला लागलं. कीर्ती फोनवर वडिलांशी बोलायची ती ओठांतल्या ओठांत. रत्नदीप जेवताना बायकोशी बोलायचा तो ताटात बघून. नातही आजोबांना हाक मारायची नाही, येऊन सदरा ओढायची. दिपकराव आले की मात्र त्यांच्या कानाशी लागून तासभर गोष्टी सांगायची. शालन असताना असं नव्हतं. तिचा आवाजच असा, की घरात कुठली भाजी शिजतेय ते गल्लीला कळायचं. लोक हसायचे. पण तिने त्याच्यापासून कधी काही लपवलं नाही.

निंगप्पाने बॉनेट उघडलं आणि गाडी चालू केली. ईश्वरने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

रत्नदीप जवळ आला. “आबा, राहू द्या. कपडे खराब होतील.”

“तुझ्या सासऱ्याचं दोनदा बघून झालं की. आता मला बघू दे.”

तो वाकला. एका जागी टेकवला, दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. डोळे मिटून ऐकलं. इंजिन गप्प होतं. एकतीस वर्षांत इतकं शांत इंजिन त्याच्या कानाखाली आलं नव्हतं.

म्हणजे पोस्टमास्तरने बरोबर निवडली होती. जुळी पोरं दवाखान्यातून याच गाडीतून घरी येणार. पुढच्या सीटवर दिपकराव बसणार. आणि येणारा-जाणारा विचारणार, तेव्हा मुलगा सांगणार, सासऱ्यांनी बघून दिली.

ईश्वर सरळ झाला. फडक्याला हात पुसले.

“इंजिनातली चेन गेलीय,” तो म्हणाला. “आतनं टकटक करती. आज न्हाय तर उद्या भर रस्त्यात बसंल. लेकरंबाळं घेऊन फिरायची गाडी न्हाय ही.”

इंजिनाबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता. आता दिपकरावांचं तोंड कसं उतरतं ते बघायला तो वळला.

दिपकराव जवळजवळ धावतच आले. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि मोठ्याने म्हणाले, “बघा! पहिल्या दिवसापासून मी हेच सांगतोय, ही टकटक काही बरी नाही. मी म्हटलं, अहो, मला त्यातलं काय कळतंय? ईश्वररावांना आणू. तर तुमचा लेक म्हणतो, नको, आबांना आता...”

ते मधेच थांबले. रत्नदीपने मान खाली घातली होती.

“काका, आवाज हाय,” निंगप्पा ओरडून म्हणाला. “मी कुटं न्हाय म्हनतोय? पार गेटाबाहेर जातोय की. पन तेल बदललं की जाईल बगा.”

ईश्वर इंजिनकडे बघत राहिला. ते अजून चालूच होतं.

“कसली टकटक?” त्याने विचारलं.

बुद्धप्रियाने त्याचा सदरा ओढला. मग त्याचा तळवा उघडला आणि त्यावर एका बोटाने भराभर वाजवून दाखवलं. बोट थांबेचना.

त्याने पुन्हा स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवला. मूठ कानात दुखेपर्यंत दाबली. हाताला ती थरथरताना कळत होती. कानात काही नव्हतं.

शालनचं माहेर मंद्रूप. लग्न होऊन आली तेव्हा ती इतकं हळू बोलायची, की शेजारणींना तिचं नाव दोनदा विचारावं लागलं होतं.