दहावी गोळी

नववी गोळी सरावाच्या पुतळ्याच्या खांद्यात घुसली आणि शालनताई खराड्यांचाच खांदा पेटला. मनगटावरच्या पट्ट्यामुळे जखमेची कळ गोळी झाडणाऱ्याला यायची, तीन सेकंद. अशा दहा गोळ्या झाडल्याशिवाय बंदुकीचा परवाना मिळत नसे.

"शेवटची छातीत," शिकवणारे निवृत्त सुभेदार नलावडे म्हणाले. "दमानं घ्या, ताई."

ताईंच्या नवऱ्याला त्यांच्याच खडीच्या खाणीवर ज्यांनी छातीत गोळी घातली, ते जामिनावर सुटले होते आणि रोज घरासमोर गाडी लावून बसत होते. परवाना हवाच होता. ताईंनी चाप ओढला.

छातीत काहीतरी फाटलं. श्वास आत जाईना, ओरडायला आवाज फुटेना. कळ थांबली तेव्हा त्या गुडघ्यांवर कोसळलेल्या होत्या.

"झालं, ताई. पास झालात."

"डॉक्टर म्हणाले होते, ह्यांना काही कळलंच नसेल," ताई कशाबशा बोलल्या. "खरं का हो?"

सुभेदारांनी ताईंच्या मनगटावरचा पट्टा सोडवला.

त्या दिवशी खाणीवर अँब्युलन्स पोचायला पाऊण तास लागला होता. तोवर ह्यांचे डोळे उघडे होते, पापण्या लवत होत्या.