ताठरलेला मासा

लिमाच्या जुन्या बाजारपेठेतल्या खाणावळीत सोराइदाने सेविचेच्या दोन बशा मागवल्या, तेव्हा एक वाजला होता. तिचा मुलगा एल्मेर स्पेनच्या व्हिसाचा निकाल आणायला वकिलातीत गेला होता. नकारच मिळावा म्हणून तिने सकाळी मेणबत्ती लावली होती. लिंबाच्या रसात मुरत कच्च्या माशाचे काचेसारखे तुकडे कडांपासून पांढरे होत गेले. “ताई, आता खा. मासा चामड्यासारखा झाला, तर तुमचा लेक माझ्यावरच खेकसेल,” वाढपी म्हणाला. “परवा मासा पाच मिनिटं जास्त मुरला, तर बशी परत पाठवली साहेबांनी!” “गप रे. येईलच तो.” दाराकडे पाहत तिने रुमालाची तिसऱ्यांदा घडी घातली. पावणेदोनला एल्मेर आला आणि तो ताठरलेला मासा मुकाट्याने चावू लागला. “मस्त झालाय, आई,” तो मान खाली घालूनच म्हणाला. तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. “विमान कधीचं आहे?”